रमरामवरचा वाघपतंग

कतारमध्ये, अल रय्यानमधल्या एका दवाखान्यात मी इन्शुरन्सच्या काउंटरवर बसते. तिथे काही वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर मॉरिशसची एक मुलगी असायची. ती नवीन होती तेव्हाची गोष्ट. मी फोनवर नवऱ्याला सांगत होते, “येताना कोथिंबीर आण, आणि नीट वास घेऊन आण. मागच्यासारखी पार्स्ली उचलून आणू नकोस.” फोन ठेवला तर ती माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, “ताई, आपण मराठी बोलता? मी पण मराठी लोक आहे.”

तिचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला गेले आणि तिकडचेच झाले. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी उरली होती ती गणपतीच्या आरत्यांत आणि शाळेतल्या एका तासात. त्यामुळे ती बोलायची ते सगळं पाठ्यपुस्तकातलं. दुपारी डबा उघडताना म्हणायची, “ताई, मला फार भूक लागलेली आहे. आपण भोजन करू या का?” मी वसईची. आमच्या घरी कादोडी बोली, पुस्तकी मराठी मीही शाळेत जाऊनच शिकलेली. पण तिच्यापुढे मीच अडाणी वाटायचे. समोर रांगेत उभ्या असलेल्या पेशंटांना आमचं काय चाललंय ते कळायचं नाही, आणि आम्हाला हसू आवरायचं नाही.

मग तिच्या वडिलांची तब्येत बिघडली आणि ती परत गेली. तिकडे प्राथमिक शाळेत शिकवायला लागली. डोंगरावरची उरलीसुरली झाडं राखणाऱ्या एका छोट्या गटातही जायला लागली. अधूनमधून फोटो पाठवायची. एक दिवस तिचा आवाजातला निरोप आला, “ताई, आपण सुंदर चित्रे काढता. माझे एक काम कराल का?”

माझी चित्रं तिने पाहिली होती ती दवाखान्यातली. रमजान आला की चंद्र आणि कंदील, नाताळात तारा, नर्सेस डेला फुलं. पण लग्नाआधी मी कमर्शियल आर्ट शिकून वसईत एका छापखान्यात काम करत होते. लग्नाच्या पत्रिका, सणांचे बॅनर, चर्चच्या जत्रेचे फलक. कतारला आल्यावर नोकरी मिळाली ती काउंटरची. मग मुलगी झाली, तिची शाळा, तिचे क्लास. रंगांची पेटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. त्याचं मला फार दुःख होतं असंही नाही, दिवस भरलेले होते. पण मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं झालं. तिच्या खोलीचं दार आम्ही दोघंही उगाचच उघडून बघायचो.

काम होतं एका पतंगाचं चित्र काढायचं. इंग्रजीत ज्यांना टायगर मॉथ म्हणतात त्या कुळातला हा पतंग तिच्या बेटावर आणि आसपासच्या एक-दोन बेटांवर सापडतो. बाकी जगात कुठेच नाही. आम्ही त्याला वाघपतंग म्हणायचं ठरवलं.

“वाघासारखे पट्टे आहेत का त्याला?” मी विचारलं.

“नाही ताई. ठिपके आहेत. लाल आणि काळे.”

“मग वाघ कसला? बिबट्या म्हणा की.”

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. तिच्या बेटावर तो बरीच वर्षं कुणाला दिसला नव्हता. संपला असं काहीजण म्हणत होते. तिच्या गटाला वाटत होतं की एका उतारावर तो अजून असणार, कारण त्याच्या अळ्या जे झुडूप खातात ते तिथे होतं. पण त्या उताराची सफाई सुरू झाली होती. झुडूप दिसायला अगदीच साधं, तण म्हणून उपटलं जात होतं. पतंग तिथे आहे हे दाखवता आलं तर ते थांबवता येईल, म्हणून गावातल्या शाळांत आणि दुकानांत एक मोठं चित्र लावायचं होतं. हा दिसला तर आम्हाला सांगा, असं.

तिने फोटो पाठवले. सगळे संग्रहालयातले, टाचणी टोचून पंख दोन्ही बाजूंना ताणलेले. मी पेटी खाली काढली. निम्मे रंग दगड झाले होते, नवे आणले आणि दोन-तीन संध्याकाळी बसून हुबेहूब तसंच चित्र काढलं. मला ते आवडलं. तिलाही आवडलं. ते छापून लागलंसुद्धा.

मग बरेच दिवस काहीच नाही. शेवटी मीच विचारलं तेव्हा ती चाचरत म्हणाली, “ताई, आपण रागावू नका. माझ्या वर्गातली मुले म्हणतात, हे विमान आहे.”

लोक फुलपाखरांचेच फोटो काढून आणत होते, कारण चित्रात पंख उघडे होते. तिच्या गटात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी हा पतंग तरुणपणी जिवंत पाहिला होता. ते म्हणाले, चित्र उत्तम आहे, पण तो असा कधीच बसत नाही. कसा बसतो ते त्यांना नीट सांगता येईना. पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो, एवढंच म्हणायचे, आणि हाताची मूठ करून दाखवायचे.

मला आधी राग आला. फुकट काम केलं आणि वर विमान! पण रात्रीचं जेवण करता करता सारखं तेच डोक्यात. मुलांचं बरोबरच होतं. मी मेलेला पतंग बघून मेलेला पतंग काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला लिहिलं, जिवंत कसा बसतो ते बघितल्याशिवाय मला जमणार नाही. तिचं उत्तर आलं ते वाचून मी खुर्चीत ताठ बसले. ह्या पतंगाचा एक चुलतभाऊ आखाती देशांतही असतो. तो दुर्मीळ वगैरे नाही, भरपूर फिरतो, आणि मुख्य म्हणजे दिवसा उडतो. म्हाताऱ्या गृहस्थांच्या म्हणण्याप्रमाणे बसण्याची ढब दोघांची एकच. सोबत तो ज्या झुडपावर राहतो त्याचा फोटो होता. करडी हिरवी बारीक पानं आणि विंचवाच्या नांगीसारख्या वळलेल्या दांड्यावर ओळीने पांढरी इवलीशी फुलं.

एवढी वर्षं इथे राहून मला खजुराखेरीज एका झाडाचं नाव सांगता आलं नसतं. मी फोटो आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना दाखवला. त्या कतारी, माझ्याहून थोड्या मोठ्या. सिनेमे बघून हिंदी शिकलेल्या, त्यामुळे आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत चालतं.

“हे? हे तर रमराम!” त्या म्हणाल्या. “माझी आजी सांगायची, घोरपड सापाशी भांडून आली की रमराममध्ये लोळते, म्हणजे विष उतरतं. खरं-खोटं अल्लाला माहीत. तुला कशाला हवंय?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अल रुवैसच्या अलीकडे आमचा मळा आहे. कुंपणाबाहेर हेच पसरलंय. यल्ला, शुक्रवारी ये. नवऱ्यालाही आण.”

नवऱ्याचं काम एसी दुरुस्तीचं, कंपनीची शाखा मदिनत अश शमालला, अल रुवैसला लागूनच. म्हणजे आठवडाभर तो त्याच रस्त्याने उत्तरेला जातो-येतो.

“एक सुट्टीचा दिवस, त्या दिवशी पण तोच रस्ता? आणि तेही किडे बघायला?” तो म्हणाला.

“तू गाडीत झोप. किडे मी बघते.”

शुक्रवारी चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जाऊन आम्ही तसेच निघालो. थंडीत थोडा पाऊस झाला होता, त्यामुळे एरवीच्या उजाड जमिनीवर हिरवी लव होती. पण त्या दिवशी वारा असा सुटला की तोंड उघडलं की दाताखाली रेती. रमराम सापडलं, भरपूर सापडलं. मी एकेका झुडपापाशी वाकून बघत होते, डोक्यावरचा स्कार्फ सांभाळत. पतंगाचा पत्ता नाही. मॅडमनी आत बोलावून दुधाचा कडक करक चहा आणि खजूर दिले. “वारा पडू दे,” त्या म्हणाल्या, “मग परत ये, इन्शाल्ला.” परतीच्या वाटेवर नवऱ्याने रेडिओचा आवाज वाढवला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला न बोलताच कळत होतं.

वारा पडल्यावर आम्ही परत गेलो. ह्या वेळी तो गाडीत बसायला तयार नव्हता, गरम होत होतं. पाय मोकळे करतो म्हणाला आणि कुंपणाकडे गेला. थोड्या वेळाने त्याची हाक आली, “ए, इकडे ये! कागदाचा कपटा उडतोय बघ, पण वारा तर नाहीये!”

मी धावले. पांढरं काहीतरी झुडपातून उठलं, जरासं अंतर उडालं, पुढच्या झुडपात पडलं आणि नाहीसं झालं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो. मला ते आधी दिसलं. एका काडीला चिकटून बसलेलं, नखाएवढं, पंख अंगाभोवती सुरळीसारखे घट्ट गुंडाळलेले. सायीच्या रंगावर लाल आणि काळे ठिपके, कुणीतरी बारीक ब्रशने एकेक टेकवल्यासारखे. ते म्हातारे गृहस्थ मूठ का करत होते ते मला त्या क्षणी समजलं.

“हा?” नवरा म्हणाला. “एवढासा?” पण तो उठला नाही. तिथेच बसून बघत राहिला.

त्याच झुडपावर अळ्या होत्या. काळपट, अंगावर पांढऱ्या रेघा, नारिंगी ठिपके आणि विरळ केस. मॅडमना विचारून मी थोड्या अळ्या आणि रमरामच्या फांद्या डब्यात घेतल्या. नुसता बसलेला पतंग बघून माझं भागणार नव्हतं. पंख कुठून दुमडतात, आधी कुठला, मग कुठला, हे मला पहिल्यापासून बघायचं होतं.

मुलीच्या खोलीत, खिडकीपाशी, जाळीच्या झाकणाच्या मोठ्या बरणीत त्यांची सोय केली. पहिले दोन दिवस त्या खाईनात. मी घाबरून मॉरिशसच्या मैत्रिणीला विचारलं, तिने म्हाताऱ्यांना विचारलं. उत्तर येण्याआधी नवऱ्यानेच ओळखलं. आमच्या फ्लॅटमध्ये एसी सेंट्रल, खोली गार. त्याने स्टुलावर चढून त्या खोलीतला हवेचा झरोका पुठ्ठा लावून बंद केला आणि खिडकी किलकिली केली. दुपारपर्यंत अळ्या चरायला लागल्या. फांद्या सुकतात म्हणून कामावरून येताना तो वाटेत थांबून ताजं रमराम आणायला लागला. एका संध्याकाळी तो बरणीपाशी वाकून पुटपुटत होता, “खा, खा. तुमच्यासाठी उन्हात उतरलो मी.”

आणि मग शनिवारी संध्याकाळी, आम्ही दोघं कामावरून आल्यावर, बेल वाजली. बिल्डिंगतर्फे दर महिन्याला औषध फवारायला येतो तो माणूस, पाठीवर टाकी घेऊन. मी विसरूनच गेले होते. नवरा दारात आडवा उभा राहिला.

“सर, पूरा फ्लॅट करना पडेगा,” तो माणूस म्हणाला.

“किचन कर लो, बाथरूम कर लो. उस कमरे में नहीं.”

“क्यों सर? उधर कॉकरोच नहीं है?”

“उधर मेहमान हैं.”

त्या माणसाने एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि मान डोलावून किचनही सोडून दिलं. पण बाहेरच्या पॅसेजमध्ये आधीच फवारून झालं होतं, वास आत येत होता. आम्ही ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबला, खिडकी सताड उघडली, आणि बरणी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी एक अळी खाली पडलेली होती, न हलणारी. त्या वासाने की आपसूकच, कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. किड्यासाठी एवढं वाईट वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

बाकीच्यांनी मात्र तळाच्या सुकलेल्या पानांत विरळ जाळी विणली आणि आत गप्प झाल्या. वाट बघण्याखेरीज काही काम उरलं नाही. मी रोज कामावर जाण्याआधी आणि आल्यावर बघायचे. एका सकाळी चहाचा कप घेऊन खोलीत गेले तर काडीवर काहीतरी ओलं, चुरगळलेलं लोंबत होतं. पतंग नुकताच बाहेर आला होता. पंख अगदी छोटे, भिजलेल्या कागदासारखे.

मी दवाखान्यात फोन केला. काउंटरवर कुणी उचलला नाही, तो अकाउंट्सला लागला. “मॅडम, मला आज उशीर होईल. पतंग बाहेर येतोय.”

त्या म्हणाल्या, “बस आणि चित्र काढ. तुझा काउंटर मी बघते.” आणि खरंच, अकाउंट्सची प्रमुख बाई त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून पेशंटांची कार्डं तपासत होती, हे मला नंतर कळलं.

मी जमिनीवर मांडी घालून बसले. पंख हळूहळू भरत गेले, पसरले, काही वेळ तसेच लोंबत राहिले. मग त्याने एक पंख दुसऱ्यावर घेतला आणि अंगाभोवती लपेटून घेतला. मी पानामागून पान पेन्सिलने भरत होते. नवराही थांबला होता, कामाचे फोन कट करत. मध्येच काडी हलली आणि पतंगाच्या मानेपाशी पिवळसर फेसाचे थेंब आले. मैत्रिणीने सांगितलं होतं तेच हे. झुडपातलं विष अळी खाते, ते पतंगाच्या अंगात राहतं, आणि धोका वाटला की तो ते असं बाहेर काढतो. म्हणून एवढासा जीव भर उन्हात बिनधास्त फिरतो.

रेखाटनं पाठवली. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मागून कुणाचातरी जाड आवाज क्रिओलमध्ये काहीतरी जोरजोरात बोलत होता. “ताई,” ती म्हणाली, “आमचे आजोबा म्हणतात, हाच! असाच!” मग मी बेटावरच्या पतंगाचे रंग संग्रहालयाच्या फोटोंवरून घेतले. त्याचे ठिपके थोडे कमी, पंख जरा जास्त पिवळसर. बसण्याची ढब मात्र मी डोळ्यांनी पाहिलेली. पुढच्या शुक्रवारी आमचे पतंग मळ्यावर नेऊन सोडले. नवऱ्याने बरणीचं झाकण काढलं. ते लगेच उडालेच नाहीत, काठावर चढून बसले. मग एकेक करून झुडपात गेले.

नवीन चित्र तिकडे लागलं. उन्हाळा आला, इथली हिरवी लव जळून गेली. मैत्रीण सांगायची, अजून काही नाही ताई. उताराचा एक भाग साफ होऊनही गेला. मी विचारायचं कमी केलं.

आणि एक दिवस चहाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसतं हलणारं गवत, मग तिचा चेहरा, घामाघूम. तिच्या आईने ते चित्र स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलं होतं. आई देवळातून परत येताना पायरीपाशी थांबली, आणि जी सुकलेली काडी समजून ती ओलांडणार होती ती काडी नव्हती, पतंग होता. मग गटातले सगळे देवळामागच्या त्याच उतारावर चढले. तिने फोन फिरवला. झुडपावर तो बसला होता. पंख गुंडाळून, अगदी माझ्या चित्रासारखा. म्हणजे चित्र त्याच्यासारखं, पण त्या वेळी मला उलटंच वाटलं.

“दिसला का ताई?” ती ओरडत होती. “आपल्याला दिसला का?”

मी फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. शेजारून वाकून बघणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडमच म्हणाल्या, “माशाल्ला, दिसला, दिसला!” मराठी त्यांना येत नाही, पण एवढं कळलं होतं.

उताराचा उरलेला भाग आता तसाच ठेवायचं ठरलंय. गेलेला भाग गेला, पण झुडूप परत रुजतंय म्हणे. म्हाताऱ्या गृहस्थांना डोंगर चढवत नाही, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. त्याचाही फोटो आला. ते पतंगाकडे बघतायत, आणि बाकी सगळे त्यांच्याकडे.

सुट्टीत मुलगी आली तेव्हा तिच्या टेबलावर ब्रश, पलंगावर कागद. “मम्मा, व्हेअर डू आय स्लीप?” म्हणाली. मी आवरायला लागले तर तिने हात धरला. “नको. राहू दे,” चक्क मराठीत म्हणाली, आणि गादी जमिनीवर ओढून घेतली.

बेटावर आता अळ्याही सापडल्यात. आजवर त्यांचं चित्र कुणी काढलेलंच नाही, म्हणून तेही माझ्याकडेच आलंय. ह्या वेळी फोटो झुडपावरचे, जिवंत अळ्यांचे आहेत. पाठीवरच्या ठिपक्यांचा नारिंगी रंग मला अजून नीट साधलेला नाही. पिवळा जास्त झाला की फिका पडतो, लाल जास्त झाला की खोटा दिसतो. काल कामावरून आल्यावर तिसऱ्यांदा मिसळून बघितला. जवळ आलाय.